चिमटीतली कुपी

५ फेब्रुवारी २००३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी इराककडे जैविक अस्त्रं असल्याचं सांगताना चिमटीत इवलीशी कुपी धरून दाखवली. आत अँथ्रॅक्स नव्हताच, नुसता नमुना. पण टीव्हीवर काम फत्ते झालं.

दहाच दिवसांनी लंडनमध्ये लाखो लोक युद्धाविरोधात रस्त्यावर उतरले. अमेरिकेत मात्र इराकवर हल्ला झाला तेव्हा दहातले सात जण युद्धाच्या बाजूने होते. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेनचा हात असावा, असंही त्या वर्षी बहुतेकांना वाटत होतं. पुरावा शून्य! लोकांना भोळं म्हणून मोकळं होता येतं. पण नामांकित वर्तमानपत्रंही तेव्हा सरकारचीच री ओढत होती.

२००४ मध्ये अमेरिकेच्याच तपास पथकाने सांगितलं, इराककडे तसले अस्त्रसाठे नव्हते. तोवर युद्धाचं कारण बदललं होतं. आता म्हणे लोकशाही आणायची होती.