मसूर ते बाडमेर : रस्ता कुणाचा?

वाळवंट सुंदर आहे, यात वाद नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही जोधपूरहून गाडीनं जैसलमेरला आणि तिथून बाडमेरला गेलो. थोरली ताई तिथं राहते. दाजींची बदली झाली आहे. जैसलमेर सोडलं की दीडशे किलोमीटर सरळसोट डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना खेजडीची झाडं, मध्येच उंटांचा कळप, लांबवर पवनचक्क्यांची रांग. फोटो भरपूर काढले. ते टाकल्यावर चळवळीतल्या एका मित्रानं विचारलं, "समाजाचे एवढे प्रश्न पडलेत आणि तुम्ही सहली कसल्या करता?"

त्या मित्राला हे उत्तर आहे.

मित्रांनो, आपल्या माणसाला भेटायला रस्त्यानं जाणं ही आपल्यासाठी कधीच साधी गोष्ट नव्हती. १९०१ साल आठवा. नऊ वर्षांचे भीमराव, त्यांचे बंधू आणि दिवंगत बहिणीची दोन मुलं साताऱ्याकडून आगगाडीनं मसूरला उतरली. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावं म्हणून सरकारनं तिथं तलाव खोदायला घेतला होता. सुट्टीत वडिलांना भेटायचं, एवढाच बेत. पण पत्र वडिलांच्या हाती पडलंच नाही आणि स्टेशनवर कुणी न्यायला आलं नाही. पोरांच्या अंगावर चांगले कपडे होते, पायात नवे जोडे होते. स्टेशनमास्तरनं जात विचारली. भीमरावांनी खरी सांगितली आणि मास्तरचा चेहरा बदलला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, तोही अशा अटीवर की बैल पोरांनी हाकायचे आणि तो बाजूनं चालणार. रात्री टोलनाक्यावर पाणी मागताना, गाडीवानाच्या सल्ल्यावरून, आपण मुसलमान आहोत असं सांगितलं. तरी पाणी मिळालं नाही. खायला जवळ असूनही पोरं उपाशी झोपली.

'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधला हा प्रसंग आपण भाषणांत शंभर वेळा सांगतो. पण त्यातली एक गोष्ट मला या प्रवासात कळली. मसूरला खरं सांगितलं, गाडी अडली. नाक्यावर खोटं सांगितलं, पाणी अडलं. म्हणजे दोष उत्तरात नव्हताच. दोष प्रश्नात होता.

हे कळलं कसं, तेही सांगतो. त्यात माझी फुशारकी नाही, लाज आहे.

बाडमेरच्या वाटेवर एका चहाच्या टपरीवर थांबलो. म्हातारा टपरीवाला प्रेमळ होता. लोट्यातून पाणी ओतता ओतता त्यानं विचारलं, "कौन लोग हो?" मी म्हणालो, "महाराष्ट्र से." तो म्हणाला, "वो तो गाडी पर लिखा है. कौन जात?" गाडी मुंबईतून आणलेली, नंबर त्यानं वाचला होता. मी म्हणालो, "मराठी." त्यानं ते 'मराठा' असं ऐकलं. "अच्छा, शिवाजी महाराज के लोग!" म्हणून त्यानं पेला भरला. मी त्याची चूक दुरुस्त केली नाही. पाणी प्यालो.

वीस वर्षं व्यासपीठांवरून स्वाभिमान सांगणारा मी, एका पेल्यासाठी गप्प बसलो. गाडीत पाण्याच्या बाटल्या होत्या, म्हणजे तहानेचंही निमित्त नव्हतं.

ताईला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "मी खरं सांगते. म्हणून घर मिळायला चार महिने लागले." प्रत्येक ठिकाणी आधी खोली दाखवली जायची, मग आडनावाची चौकशी व्हायची, मग खोली 'नातेवाइकाला दिली' असं कळायचं. शेवटी मेघवाल समाजाच्या एका निवृत्त शिक्षकानं घर दिलं. आता तीच शेजारच्या मुलींना घटना शिकवते.

"आता कोण जात विचारतं? हायवे झाले, फास्टॅग आला," असं म्हणणारे आपल्यातही आहेत. डांबर ओतून समाज सपाट होत नाही. आपल्या खिशात बाटलीबंद पाण्याचे पैसे आले, म्हणून तो प्रश्न आपल्याला टाळता येतो. ज्याच्याकडे ते पैसे नाहीत, त्याच्यासाठी माठ तोच आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये राजस्थानच्याच जालोर जिल्ह्यात, सुराणा गावचा दलित विद्यार्थी शिक्षकाच्या मारहाणीनंतर मेला. माठातलं पाणी प्यायला म्हणून मारलं, असा कुटुंबाचा आरोप. शाळेनं तो नाकारला. त्या पोराचं वयही नऊच होतं.

पण हे वाचून "राजस्थान मागासलेला, आपण फुले-शाहू-आंबेडकरांचे" असा टेंभा मिरवू नका. मसूर सातारा जिल्ह्यातच आहे. खैरलांजी २००६ ची आणि खर्डा २०१४ चं, दोन्ही महाराष्ट्रातलीच.

मग आपण काय करायचं? घरी बसायचं? मुळीच नाही. भरपूर फिरायचं, पण डोळे उघडे ठेवून. जोधपूरचा मेहरानगड बघा. तिथला गाईड राजवाडे दाखवेल, तोफा दाखवेल. तुम्ही राजाराम मेघवालाच्या नावाचा दगड विचारा. १४५९ मध्ये किल्ल्याच्या पायात त्याला जिवंत पुरलं, असं तिथली परंपराच सांगते. ज्या किल्ल्याचं तिकीट काढून आपण आत जातो, त्याच्या पायात आपला माणूस आहे. रामदेवऱ्याला थांबा आणि रामदेव पीरांच्या समाधीजवळची मेघवाल डालीबाईची समाधी बघा. वाळूचे डोंगर बघाच, पण बेरीवर पाणी कोण आधी भरतं आणि कोण थांबतं, तेही बघा.

आणि कायदा पाठ करून जा. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं स्पष्ट लिहिलं आहे : विहीर, तलाव, नळ, रस्ता वापरताना जातीवरून अडवणं हा गुन्हा. सायकल-मोटारसायकल चालवण्यापासून, नवे कपडे किंवा चपला घालण्यापासून, वरातीत घोड्यावर बसण्यापासून रोखणं हाही गुन्हा. एकविसाव्या शतकात संसदेला चपलेपर्यंत लिहावं लागलं, यातच सगळं आलं.

म्हणून मित्रा, ही सहल म्हणजे चळवळीतून घेतलेली सुट्टी नव्हती. आपल्या बहिणीला भेटायला, नीटनेटके कपडे घालून, हवं तिथं थांबून, कुणाचीही परवानगी न घेता जाणं, हाच तर तो हक्क आहे जो मसूरच्या स्टेशनवर नाकारला गेला. तो वापरला नाही तर गंजतो. आणि वापरताना जात लपवली तर तो अर्धाच राहतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

परतताना आम्ही बालोतराच्या रस्त्यानं थेट जोधपूरला आलो. ती टपरी पुन्हा लागली नाही. म्हाताऱ्याला द्यायचं उत्तर राहूनच गेलं. पुढच्या वर्षी ताईकडे पुन्हा जायचं आहे. तेव्हा वाट तीच धरणार आणि त्यानं विचारण्याआधी मीच सांगणार.

जय भीम.