वाचणारा आता थेट बटण दाबतो

सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन आपल्याकडे बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी लिहिलं जातं. कोड झाला, टेस्टिंग झालं, डिलिव्हरीची तारीख तोंडावर आली, की टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाला सांगायचं, ‘जरा डॉक्स लिहून टाक.’ आजवर हे निभावलं, कारण वाचणारा माणूस होता. अर्धवट लिहिलेलं असलं तरी तो अंदाज बांधायचा, शेजारच्याला विचारायचा, शंका आली तर थांबायचा. एआय एजंटसाठी ब्राउझर चालवणारी टूल्स बनवताना हा आधार उरलेला नाही.

ब्राउझर प्रोग्रामकरवी चालवणं जुनंच आहे. 2004 मध्ये थॉटवर्क्समध्ये जेसन हगिन्स यांनी सेलेनियम सुरू केलं. 2017 मध्ये गूगलचं पपेटियर आणि 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट आलं. या सगळ्यांत कोणतं बटण कधी दाबायचं, हे प्रोग्रामर आधीच लिहून ठेवायचा. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने एआय मॉडेलला बाहेरची टूल्स जोडून देणारा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एमसीपी) जाहीर केला आणि 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यावर बेतलेलं प्लेराइट एमसीपी आणलं. आता पुढची पायरी एजंटमागचं मॉडेल ठरवतं. ती ठरवताना त्याच्यासमोर टूलचं नाव, त्याचं दोन-चार ओळींचं वर्णन आणि सोबत कोणती माहिती द्यायची याचा आराखडा असतो. हे वर्णन बदललं, तर कोडची एक ओळही न बदलता एजंटचं वागणं बदलू शकतं. म्हणून माझ्या मते हे वर्णन टूलचाच भाग आहे.

प्लेराइट एमसीपीतलंच उदाहरण घ्या. त्यात पानाचा स्क्रीनशॉट काढणारं एक टूल आहे आणि स्नॅपशॉट घेणारं दुसरं. नावं ऐकून दोन्ही एकच वाटावीत. पण स्नॅपशॉट म्हणजे पानावरच्या घटकांची मजकुरातली मांडणी असते: हे शीर्षक, ही लिंक, हे ‘लॉग इन’ नावाचं बटण, आणि क्लिक करता येईल अशा घटकापुढे ‘ई5’ सारखी खूण. क्लिक करायचं तर सहसा ती खूण द्यावी लागते आणि स्क्रीनशॉटमध्ये ती नसते. म्हणून स्क्रीनशॉटच्या वर्णनातच बजावलं आहे, की यावरून कृती करता येणार नाही, त्यासाठी स्नॅपशॉट घ्या. टूल कशासाठी वापरू नये हे सांगणारी ती एक ओळ एजंटच्या कितीतरी चकरा वाचवते.

एरर मेसेजही डॉक्युमेंटेशनच असतो. पान बदललं की जुनी खूण निकामी होते. अशा वेळी ‘घटक सापडला नाही’ एवढंच सांगितलं, तर एजंट तेच क्लिक पुन्हा करून पाहण्याची शक्यता असते. ‘पान बदललं आहे, नवा स्नॅपशॉट घ्या’ असं सांगितलं, तर तो मार्गी लागतो. आणि हे सगळं मोजक्या शब्दांत हवं, कारण टूल्सची वर्णनं मॉडेलच्या मर्यादित कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे ते एका वेळी वाचू शकेल तेवढ्या मजकुरात, जागा अडवतात.

हे झालं मॉडेलसाठी. दुसरा वाचक म्हणजे टूल वापरणारा माणूस आणि त्याच्यासाठीचं लिखाण अधिक जबाबदारीचं आहे. प्लेराइट एमसीपी एरवी ब्राउझरचं प्रोफाइल जपून ठेवतं, म्हणजे एकदा केलेलं लॉगिन पुढच्या वेळीही तसंच राहू शकतं. ते नको असेल तर वेगळा ‘आयसोलेटेड’ पर्याय निवडावा लागतो. त्यातच एखाद्या पानावर एजंटला फसवणारा मजकूर पेरलेला असू शकतो, आणि मॉडेल त्यालाच सूचना समजून बसू शकतं. बँकेचं किंवा ऑफिसच्या मेलचं लॉगिन चालू असताना असं घडलं, तर नुकसान खरं असेल. ही माहिती सेटिंग्जच्या यादीत तळाशी टाकू नये, डॉक्युमेंटेशनच्या पहिल्याच पानावर द्यावी. पैसे भरणं, काही डिलीट करणं, फॉर्म पाठवणं या पायऱ्यांवर माणसाची परवानगी कशी घ्यायची, हेही तिथेच लिहावं.

वेबसाइट बनवणाऱ्यांचाही इथे संबंध येतो. हा स्नॅपशॉट ज्या ॲक्सेसिबिलिटी ट्रीमधून तयार होतो, तिच्याच आधारे अंध वाचकांचे स्क्रीन रीडर पान वाचून दाखवतात. नाव न दिलेलं, नुसत्या चित्राचं बटण एजंट आणि स्क्रीन रीडर दोघांनाही कळत नाही. अंध वापरकर्ते ही नावं कितीतरी वर्षं मागत आले आहेत. निदान एजंटच्या निमित्ताने ती दिली जावीत. मराठी पानावर ती मराठीतच असावीत.

पुण्यात किंवा कुठेही अशी टूल्स बनवणाऱ्यांना माझं सांगणं आहे: वर्णन आधी लिहा, ते मॉडेलला देऊन खऱ्या पानांवर काम करून घ्या, जिथे ते चुकेल तिथली वाक्यं दुरुस्त करा. त्या दुरुस्तीचा कोडइतकाच कसून रिव्ह्यू करा. आणि हे काम टीममधल्या सगळ्यात अनुभवी माणसाकडे द्या.