न बांधण्याचे मोल

शेतजमीन वाचवा, असे शेतकऱ्याला सांगायला काही पडत नाही. ती वाचवण्याची किंमत कोणी द्यायची, एवढे विचारले की सगळे गप्प होतात. अमेरिकेतल्या काही जिल्ह्यांनी ती किंमत मोजली. त्यांच्याकडून काय घ्यावे आणि काय टाळावे?

मुंबईतल्या कोणत्याही बिल्डरला झोपेतून उठवून विचारले तरी तो सांगेल, की जमीन ही एक वस्तू आणि तिच्यावर बांधण्याचा हक्क ही दुसरी. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे रोजच्या बोलण्यातला टीडीआर, शहरात आणला. रस्त्यासाठी वा मैदानासाठी जागा सोडणाऱ्याच्या हाती हक्काचा कागद पडू लागला आणि तो कागद विकत घेणाऱ्याच्या इमारतीवर मजले चढू लागले. शहराच्या वेशीवरल्या शेतकऱ्याला मात्र ही फोड कोणी करून सांगितलेली नाही. त्याच्यापुढे दोनच वाटा आहेत: कसत बस, नाही तर विकून मोकळा हो. कसून पोट भरत नाही आणि प्लॉटिंगवाला दारात रोकड घेऊन उभा, अशा वेळी तो दुसरी वाट धरतो यात नवल ते काय? जमीन स्वतःकडे ठेवून तिच्यावर बांधण्याचा हक्क तेवढा विकायचा, आणि तोही कोणीच कधी वापरू नये म्हणून, ही तिसरी वाट अमेरिकेत पन्नास वर्षे वहिवाटीत आहे.

तिची सुरुवात न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला लाँग आयलंडवरील सफोक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, झाली. बटाट्याच्या आणि बदकपालनाच्या या पट्ट्यात महायुद्धानंतर घरांच्या रांगा सरकत आल्या. काउंटीचे प्रमुख जॉन क्लाइन यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये कायदा झाला आणि १९७७ मध्ये पहिली खरेदी. हिशेब अगदी सरळ होता. समजा, एकराला बिल्डर वीस हजार डॉलर देतो आणि शेती करणारा आठ हजार. मधले बारा हजार हे मातीचे मोल नव्हे, बांधकामाच्या हक्काचे. सरकार ते बारा हजार शेतकऱ्याला देते. जमीन त्याच्याच नावावर राहते. ती त्याने विकावी, गहाण ठेवावी, पोराबाळांना द्यावी. फक्त तिच्यावर वसाहत किंवा मॉल होणार नाही, हे बंधन जमिनीसोबत पुढच्या प्रत्येक मालकाकडे जाते. आपल्याकडे वहिवाटीच्या रस्त्याने शेजाऱ्याला आपल्या बांधावरून जाण्याचा हक्क मिळतो. हा करार त्याच कुळातला, फक्त यात समाजाला ‘येथे बांधू नकोस’ असे म्हणण्याचा हक्क मिळतो आणि तो फुकट मिळत नाही.

याची गरज का पडली? ‘अमेरिकन फार्मलँड ट्रस्ट’ या संस्थेच्या अभ्यासानुसार २००१ ते २०१६ या काळात त्या देशात सुमारे १ कोटी १० लाख एकर शेतजमीन घरांखाली, उद्योगांखाली किंवा विरळ वस्तीखाली गेली. म्हणजे दिवसाला दोन हजार एकर. गावे मुळात वसली तीच पाण्याजवळ आणि काळ्याभोर मातीवर. त्यामुळे गावाचे शहर होते तेव्हा ते आधी गिळते ते सर्वांत कसदार शेत. हे थांबवायला हरित पट्ट्याची रेघ पुरत नाही, हे तिथल्या लोकांनी लवकर ओळखले. आज ज्या सभागृहाने नकाशावर हिरवा रंग भरला, तेच उद्या तो पिवळा करते. पैसे मोजून घेतलेला आणि नोंदणी कार्यालयात चढवलेला हक्क असा सहज पुसता येत नाही.

या प्रयोगाचे पीक सर्वांत चांगले आले ते पेनसिल्व्हेनियात. तेथील मतदारांनी १९८७ मध्ये या कामासाठी १० कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना कौल दिला, पुढच्या वर्षी कायदा झाला आणि १९९३ मध्ये सिगारेटच्या प्रत्येक पाकिटामागे दोन सेंट या निधीकडे वळवण्यात आले. आज त्या राज्यात सहा लाख एकरांहून अधिक जमीन अशा बंधनाखाली आहे. त्यातही लँकेस्टर काउंटी आघाडीवर. घोडागाडीने फिरणाऱ्या आमिश शेतकऱ्यांचा हा प्रदेश फिलाडेल्फियापासून शंभरेक किलोमीटरवर. म्हणजे पुण्याचा धक्का सोसणाऱ्या आपल्या दौंड-शिरूरसारखाच. तेथील शेतीखालच्या क्षेत्राचा जवळपास तिसरा हिस्सा आज कायमचा राखलेला आहे. सरकारी पैसा घेणे आमिशांच्या श्रद्धेत बसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी १९८८ मध्ये स्वतंत्र खासगी न्यास उभा राहिला.

योजना आखताना दोन गोष्टी कटाक्षाने पाळल्या गेल्या. पहिली, सुटे तुकडे राखायचे नाहीत. शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून किमान अडीचशे एकरांचा पट्टा कृषी क्षेत्र म्हणून नोंदवायचा, मगच त्यांच्या अर्जाचा विचार. चहूबाजूंनी इमारती आणि मधे एक शेत, असे झाले की ट्रॅक्टरच्या आवाजाची आणि शेणखताच्या वासाची तक्रार सुरू होते आणि ते शेत फार काळ तगत नाही. दुसरी, आधी येईल त्याला आधी, असे नाही. मातीचा कस, शेताचा आकार, जवळ आधीच राखलेली जमीन किती, यांचे गुण देऊन यादी लागते. या पैशातून कोणी कर्ज फेडले, कोणी नवा गोठा बांधला आणि कित्येकांनी शेती न करणाऱ्या बहीण-भावंडांचा हिस्सा रोखीने देऊन जमीन एका हाती ठेवली. वाटणीत शेताच्या चिंधड्या होताना पाहणाऱ्या महाराष्ट्राने या शेवटच्या उपयोगाची खास नोंद घ्यावी.

अर्थात सगळे सुरळीत झाले असे नाही. बांधू नये एवढीच अट घातली, पण कसावे अशी घातली नाही, तेथे श्रीमंतांनी राखलेली शेते घेऊन त्यांवर घोडे पाळले आणि हिरवळी राखल्या. लाँग आयलंडच्या हॅम्पटन्स भागात हे इतके झाले, की नंतरच्या करारांत अन्नपिके घेण्याची सक्ती घालावी लागली. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीतील दूध उत्पादक एलन स्ट्राउस आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिस फेबर यांनी १९८० मध्ये स्थापलेल्या न्यासानेही पुढे शेती चालू ठेवण्याची अट करारात आणली. व्हरमाँटने आणखी एक कलम जोडले: राखलेले शेत शेतकरी नसलेल्याला विकायला काढले, तर ते शेतीच्या भावाने आधी घेण्याचा हक्क न्यासाचा. आणि हक्क दान केल्यास मिळणाऱ्या करसवलतीचा वास लागल्यावर दलालांनी गुंतवणूकदारांच्या टोळ्या करून, जमिनीच्या किमती फुगवून जो धंदा मांडला, त्याला लगाम घालायला अमेरिकी काँग्रेसला २०२२ उजाडावे लागले. अशी पळवाट शोधायला आपल्याकडचे कल्पक लोक तर एवढी वर्षेही घेणार नाहीत.

पैसा कोठून आणायचा, याची दोन उत्तरे तेथेच सापडतात. लाँग आयलंडच्या पूर्व टोकावरील पाच नगरांत १९९९ पासून मालमत्तेच्या खरेदीवर दोन टक्के कर आहे. सुरुवातीची ठरावीक रक्कम सोडून उरलेल्या किमतीवर तो लागतो आणि त्यातून शेते व मोकळ्या जागा राखल्या जातात. आजवर त्यातून दोन अब्ज डॉलरहून अधिक जमले. ज्याच्या घरामुळे शेत मागे रेटले जाते, त्यानेच उरलेल्या शेताचा खर्च उचलावा, हा न्याय. दुसरे उत्तर मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीचे. वॉशिंग्टनला खेटून असलेल्या या काउंटीने १९८० मध्ये ९३ हजार एकरांचा कृषी पट्टा जाहीर केला आणि तेथे पंचवीस एकरांमागे एकच घर अशी मर्यादा घातली. बदल्यात शेतकऱ्याला दर पाच एकरांमागे एक विकास हक्क दिला. हा हक्क शहराजवळच्या नेमलेल्या भागात जादा घरे बांधू पाहणाऱ्या बिल्डरने विकत घ्यायचा. या पट्ट्यातील निम्म्याहून अधिक जमीन अशीच राखली गेली, आणि शेतकऱ्याला पैसे दिले ते सरकारी तिजोरीने नव्हे, बाजाराने. आपल्याकडे टीडीआरने शहर उंच केले. तेथे त्याच हत्याराने शेत राखले.

आता आपल्या घरात डोकावू. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. कायद्यांची वाण आहे असे नाही. शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घेऊ नये म्हणून कूळकायदा, तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ चा तुकडेबंदी कायदा, शेताचे बिगरशेत होऊ नये म्हणून परवानगीची पायरी. आणि या सगळ्यांतून वाट काढून जे उभे राहिले, ते पदरात घेण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा. आधी मनाई, मग पळवाट, शेवटी नियमितीकरण, हा आपला क्रम. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे दहावे कलम ओलिताखालची बहुपीक जमीन अपवादानेच घ्यावी असे सांगते, पण महामार्ग, रेल्वे, कालवे अशा सरळ रेषेतल्या प्रकल्पांना तेच कलम मोकळीक देते. शिवाय ते संपादनापुरते. राजीखुशीने विकल्या जाणाऱ्या जमिनीला त्याचा काही अडसर नाही. आपल्या सर्व कायद्यांना ‘नको’ म्हणता येते. ‘नको’चा मोबदला देणारा एकही नाही.

वसईचे उदाहरण बोलके आहे. केळी, भाजीपाला आणि फुलांच्या वाड्यांचा हा प्रदेश. त्याच्यावर बांधकामाचा लोंढा आला तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, लोक रस्त्यावर उतरले. त्या लढ्याचे मोल मोठे आहे. पण वाडी न विकणाऱ्या वाडीवाल्याच्या हाती देण्यासारखे चळवळीपाशी काही नव्हते. शेजारचा विकून बंगला बांधतो आणि आपण हिरवाई राखून पंप दुरुस्त करत बसतो, अशा स्थितीत एक पिढी तत्त्वावर तग धरते. दुसरी धरेलच असे नाही.

यावर नेमका आक्षेप येईल तो शेतकऱ्यांच्या बाजूनेच. शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांनी आयुष्यभर मांडले, की शेतकऱ्यावर लादलेले प्रत्येक बंधन शेवटी त्याच्या लुटीचेच साधन ठरते. त्याला बाजाराचे आणि मालमत्तेचे स्वातंत्र्य हवे. शेतकऱ्याने गरीब राहावे म्हणजे शहरवाल्यांना रविवारी हिरवे पाहायला मिळेल, अशी ही योजना असेल, तर तो आक्षेप शंभर टक्के खरा. पण इथे बंधन लादले जात नाही, विकत घेतले जाते. शेतकऱ्याने हवे तर द्यावे, भाव पटला नाही तर देऊ नये. आपल्या मालकीच्या एका हक्कासाठी त्याला आणखी एक गिऱ्हाईक मिळते, एवढाच याचा अर्थ. स्वातंत्र्याच्या कैवाऱ्यांना यात खटकण्यासारखे काही नसावे.

अडचण आहे ती कायद्याची. आपला सुविधाधिकार कायदा १८८२ चा. त्यात ज्याच्या फायद्यासाठी हक्क निर्माण होतो, त्याची स्वतःची जमीन असावी लागते. शेजारी जमीन नसलेला न्यास असा हक्क धारण करू शकत नाही. अमेरिकेतही जुन्या इंग्रजी कायद्याने हीच पंचाईत केली होती, म्हणून राज्याराज्यांनी स्वतंत्र कायदे केले. महाराष्ट्रालाही तसा छोटा, नेमका कायदा करावा लागेल. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना आहेच. त्यात सोसायटीच्या बोज्याशेजारी या बंधनाचीही नोंद होऊ शकते. आपल्या लहान धारणांमुळे एकेकट्याशी नव्हे, तर गावातल्या सलग पट्ट्याशी करार करावा लागेल. हे अशक्य नाही. पुण्यात मगरपट्ट्यातील शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर एकत्र करून शहर उभारले. बांधण्यासाठी एकत्र येता येते, तर न बांधण्यासाठीही येता येईल, पण मोबदला तितकाच रोख आणि खात्रीचा हवा.

सुरुवात अख्ख्या राज्यात करण्याचे कारण नाही. पुणे महानगर प्रदेशातील बागायती पट्टे, नाशिकभोवतीचे द्राक्षमळे, वसईच्या उरल्यासुरल्या वाड्या, एवढे पुष्कळ झाले. महानगरांतील मुद्रांक शुल्काचा छोटा हिस्सा आणि जादा चटईक्षेत्राच्या अधिमूल्यातील वाटा यांतून निधी उभा राहील. जोडीला शेताच्या टीडीआरला शहरात गिऱ्हाईक मिळवून द्यावे. मोबदल्याच्या हिशेबाला रेडी रेकनरचा आधार घ्यावा, पण त्यावर विसंबू नये. तो खऱ्या भावाच्या मागे चालतो हे सर्वांना ठाऊक आहे. करारात कसण्याची अट हवी आणि दरवर्षी पाहणी हवी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बंधन उठवण्याचा अधिकार मंत्र्याच्या सहीत नसावा. मॅसॅच्युसेट्समध्ये असे बंधन काढायला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. विकास आराखड्यातील आरक्षणे एका फाइलवर उठतात, त्या राज्यात ही तरतूद नसेल तर बाकी सगळा खटाटोप वाया जाईल.

याने शेती फायद्यात येणार नाही. पिकाच्या भावाचा प्रश्न वेगळा आहे, तो यामागे लपवता येणार नाही. या व्यवस्थेने फार तर एवढे होईल, की भाव सुधारतील त्या दिवशी पिकवायला जमीन शिल्लक असेल. कांद्याच्या भावासाठी शेतकरी संघटनेचे पहिले मोठे आंदोलन झाले ते चाकणला. आज चाकणची ओळख मोटारींच्या कारखान्यांनी होते. तेथल्या शेतकऱ्याने भाव मागितला होता कांद्याला. तो मिळाला जमिनीला. ज्यांनी विकली त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही. पण पुढच्या चाकणमध्ये शेतकऱ्यापुढे निदान तिसरा कागद ठेवायला हवा, आणि त्यावरची रक्कम सरकारने भरलेली हवी.