न झालेल्या गोलांचा हिशोब

मागच्या शुक्रवारी माझं अप्रेझल झालं. कॉन्फरन्स रूम, एसी फुल, समोर बॉस आणि टेबलावर तो चार पानी फॉर्म.

"या वर्षातली तुझी सगळ्यात मोठी अचिव्हमेंट?" बॉसने विचारलं.

मी टेस्टिंगवाला. सॉफ्टवेअर क्लायंटकडे जायच्या आधी त्यातल्या चुका हुडकायच्या, ही आपली रोजीरोटी. मी खरं ते सांगितलं, "सर, तीन रिलीज गेले. काही झालं नाही."

"अरे, पण काही झालं नाही हे मी लिहू कुठे?" बॉसने फॉर्म माझ्याकडे फिरवला. खरंच, तशी जागाच नव्हती. माणूस वाईट नाही हो आमचा बॉस. फॉर्मच तसा.

जखमेवर मीठ म्हणजे त्याच संध्याकाळी शेजारच्या टीममधल्या एकाला 'स्टार परफॉर्मर'ची ट्रॉफी मिळाली. त्यांची सिस्टीम रात्री कोसळली होती आणि याने पहाटे तीनला येऊन ती उभी केली होती. टाळ्या मीही वाजवल्या. पण ती कोसळली कशामुळे? डेडलाइन गाठायला त्यांनी टेस्टिंगलाच कात्री लावली होती, म्हणून. जाऊ दे, तो विषय नको.

घरी आलो, झोप लागेना. आणि अशा वेळी मला हमखास आठवतो तो बॉब गान्सलर.

कोण? असं तुम्ही विचारणार, याची मला खात्री होती. अमेरिकेतही बरेच जण विचारतील. फुटबॉलमधला डिफेंडर, नंतर युनिव्हर्सिटीतला कोच. म्हणजे न दिसणाऱ्या कामाचं डबल ग्रॅज्युएशन!

गान्सलरचा जन्म १ जुलै १९४१चा, हंगेरीतल्या मुची नावाच्या गावातला. घरचे लोक जर्मन वंशाचे. दुसरं महायुद्ध संपलं आणि हंगेरीतून जर्मनवंशीयांना मोठ्या संख्येनं बाहेर काढलं गेलं. त्या सगळ्या उलथापालथीच्या काळात लहानपणीच हा मुलगा घरच्यांबरोबर अमेरिकेत, मिलवॉकीला पोचला. मिलवॉकी म्हणजे जर्मन लोकांचं आणि बिअरचं शहर. आपली माणसं परगावी गेली की आधी मंडळ काढतात, तसं तिथल्या प्रत्येक जमातीनं आपापला फुटबॉल क्लब काढला होता. बॉब वाढला तो बव्हेरियन्स नावाच्या क्लबात. क्रिकेटवेड्या गल्लीत खो-खो खेळावा, तसं बेसबॉलच्या देशात हे लोक फुटबॉल खेळत होते.

तो खेळायचा मागे, बचावात. आता डिफेंडरचं दुःख काय असतं, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. फॉरवर्डने दहा संधी घालवून अकराव्यावर गोल मारला की तो हीरो. डिफेंडरने दहा हल्ले परतवले आणि अकरावा सुटला की तो व्हिलन. तरी हा गडी १९६४ आणि १९६८ या दोन्ही वेळी अमेरिकेच्या ऑलिंपिक टीमचा कॅप्टन होता. दोन्ही वेळा टीम पात्रता फेरीतच गळाली. शिकागो मस्टँग्जकडून तो प्रोफेशनल खेळला. १९६८मध्ये देशाच्या मुख्य टीमकडून पाच मॅच मिळाल्या. बस्स. खेळाडू म्हणून करियर संपलं. पोस्टर नाही, जाहिरात नाही.

१९८४मध्ये तो विस्कॉन्सिन-मिलवॉकी युनिव्हर्सिटीचा कोच झाला. त्याच वर्षीचा सीझन खेळून तिथली मोठी प्रोफेशनल लीग, पेलेची लीग, बंद पडली. म्हणजे इंडस्ट्रीच बुडाली म्हणा ना! देशात वर्षभर मैदानी फुटबॉल खेळून पोट भरेल अशी मोठी लीगच उरली नाही. अशा वेळी खेळ जिवंत राहिला तो कॉलेजच्या मैदानांवर. सकाळी लेक्चर, संध्याकाळी प्रॅक्टिस. आणि ही पोरं घडवायला गान्सलरसारखे मास्तर. पुढे देशाची २० वर्षांखालची टीमही त्याच्याकडे आली. १९८९मध्ये सौदी अरेबियातल्या युवा विश्वचषकात ती चौथी आली.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्याला देशाच्या मुख्य टीमचा कोच केलं. त्याच्या आधीचा कोच लोथार ओसिआंडर, तोही स्थलांतरित जर्मन. हा गृहस्थ कोचिंग सांभाळून सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रेस्टॉरंटमध्ये वेटरचं काम करायचा. यावरून तिथल्या फुटबॉलची तेव्हाची ऐपत ओळखा.

आणि टेन्शन किती, तर १९९४चा वर्ल्डकप भरवायचा मान अमेरिकेला आधीच मिळालेला. पण अमेरिका स्वतः वर्ल्डकप खेळली होती शेवटची १९५०मध्ये! लग्नघर तुमचं आणि तुम्हालाच पंगतीत बसता येईना, असा प्रकार. १९९०च्या इटलीच्या वर्ल्डकपला पात्र ठरणं भागच होतं. मेक्सिकोवर जास्त वयाचे खेळाडू उतरवल्याबद्दल बंदी आली होती, त्यामुळे दार थोडं उघडलं होतं.

आता आकडे बघा. माझ्यासारख्या टेस्टिंगवाल्याला हे आकडे फार प्रिय आहेत. पात्रतेच्या शेवटच्या फेरीत अमेरिकेच्या ८ मॅच. मारलेले गोल ६. फक्त सहा! आणि खाल्लेले गोल ३. शेवटच्या चार मॅचमध्ये तर एकही गोल खाल्ला नाही. शेवटची मॅच १९ नोव्हेंबर १९८९ला, त्रिनिदादला, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये. स्टेडियम लालेलाल. यजमानांना ड्रॉ पुरे होता, अमेरिकेला जिंकणंच हवं होतं. पॉल कॅलिजुरीने लांबून डाव्या पायाने एक शॉट मारला आणि तो थेट जाळ्यात! १-०. चाळीस वर्षांनी अमेरिका वर्ल्डकपला.

तो गोल आजही दाखवतात. अमेरिकन फुटबॉलवरच्या प्रत्येक डॉक्युमेंटरीत असतो. पण त्याआधीच्या तीन मॅचमध्ये कुणीतरी शून्य राखलं होतं, म्हणून त्या एका गोलाला किंमत आली. त्या शून्याचा रिप्ले कोण दाखवणार? दाखवायला त्यात आहे काय?

इटलीत काय झालं, तेही सांगतो. लपवून उपयोग नाही. गान्सलरने नेली ती जवळपास सगळी कॉलेजातून आलेली पोरं. पहिली मॅच १० जूनला, फ्लॉरेन्समध्ये, चेकोस्लोव्हाकियाशी. ५-१ असा धुव्वा. वर एक रेड कार्ड. अख्खं जग हसलं. चार दिवसांनी रोममध्ये समोर यजमान इटली. आता किती खाणार, एवढाच प्रश्न होता. अकराव्या मिनिटाला जिआनिनीने गोल केला. नंतर इटलीला पेनल्टी मिळाली, विआल्लीने ती पोस्टवर मारली. आणि मग डिफेंडर मास्तरची पोरं हटली नाहीत. उलट एकदा पीटर व्हर्मीसचा शॉट इटलीच्या गोलकीपरखालून सुटला होता, तो अगदी लाइनवरून बाहेर काढावा लागला. स्कोअर १-० वरच राहिला. तिसरी मॅच ऑस्ट्रियाशी, १-२. तीन मॅच, तीन पराभव.

नंतर टीका झाली. हा फार सावध खेळवतो, बोअर करतो, पोरं कच्ची आहेत वगैरे वगैरे. १९९१मध्ये त्याने पद सोडलं. पन्नाशीला टेकलेला माणूस, सीव्हीवर सगळ्यात ठळक ओळ ५-१. त्रिनिदादपर्यंतच्या चार मॅचमधली शून्यं कुणाच्या लक्षात नव्हती.

माझं खरं प्रेम आहे ते याच्या पुढच्या भागावर. वर्ल्डकपचा कोच, पण हा परत आपल्या गावी, मिलवॉकीला आला आणि रॅम्पेज नावाची खालच्या लीगमधली टीम घेतली. आपल्यापैकी कुणी व्हाइस प्रेसिडेंट असताना परत गावच्या ब्रँचला जाईल? मी नाही जाणार. हा गेला. १९९७मध्ये त्या टीमला त्याने लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. १९९९मध्ये कॅन्सस सिटी विझार्ड्सनी त्याला बोलावलं, त्यांचं तेव्हा जाम खराब चाललं होतं. त्या वर्षी ते आपल्या गटात शेवटचे आले.

पुढच्या वर्षी त्याने तेच केलं जे त्याला आयुष्यभर येत होतं. आधी मागचं दार बंद केलं. गोलमध्ये टोनी मिओला. बचावात पीटर व्हर्मीस, तोच इटलीतला फॉरवर्ड, आता डिफेंडर झालेला. दोघेही १९९०च्या त्या फजितीत सामील होते. ३२ मॅचमध्ये विझार्ड्सनी फक्त २९ गोल खाल्ले. मिओलाने १६ वेळा क्लीन शीट ठेवली. १५ ऑक्टोबर २०००ला वॉशिंग्टनमध्ये फायनल, समोर शिकागो. स्कोअर किती? ओळखा. १-०! गोल अकराव्या मिनिटाला मिक्लोश मोलनारचा. उरलेली सगळी मॅच नुसती राखली.

म्हणजे लोकांनी ज्यांना कच्ची पोरं म्हणून हिणवलं होतं, त्यांच्याच जिवावर दहा वर्षांनी गान्सलर चॅम्पियन झाला. त्या वर्षीचा लीगचा बेस्ट कोच तो, बेस्ट खेळाडू मिओला आणि बेस्ट डिफेंडर व्हर्मीस. पुढे व्हर्मीस त्याच क्लबचा कोच झाला आणि २००९पासून २०२५पर्यंत त्याने ती खुर्ची सांभाळली. २०११मध्ये गान्सलरचं नाव तिथल्या हॉल ऑफ फेममध्ये गेलं.

आता यावरून 'सबर का फल मीठा' असलं काही मी सांगणार नाही. गान्सलरला दुसरी संधी मिळाली, पुष्कळ जणांना ती मिळत नाही. आपल्या प्रत्येकाच्या ऑफिसात असा एखादा तरी माणूस असतो. अकाउंट्सचा, बॅकअप घेणारा, करारातली बारीक अक्षरं वाचणारा. तो रिटायर होतो, केक कापतो, आणि सहा महिन्यांनी काहीतरी जोरात फुटतं तेव्हा त्याची आठवण येते. गंभीर आहे ते हे. न दिसणारं काम मोजलं नाही, की लोक ते करायचं सोडून देतात. मीही सोडण्याच्या बेतात होतो. शुक्रवारी रात्री मनात आलंच होतं, की पुढच्या रिलीजला एखादी चूक मुद्दाम सुटू द्यावी आणि मग पहाटे तीनला येऊन पकडावी. ट्रॉफी फिक्स!

फुटबॉलवाले आपल्यापेक्षा एका बाबतीत शहाणे निघाले. त्यांनी शून्याला नाव दिलं, क्लीन शीट. एकदा नाव दिलं की मोजता येतं. मोजता आलं की मिओलाच्या नावापुढे १६ लिहिता येतात.

सोमवारी मी बॉसकडे गेलो आणि फॉर्म परत मागितला. अचिव्हमेंटच्या रकान्यात लिहिलं : 'तीन रिलीज. क्लायंटपर्यंत पोचलेल्या गंभीर चुका : ०. आधीच पकडलेल्या : ४१. यादी सोबत जोडली आहे.'

बॉसने यादी वाचली. एकदा नाही, दोनदा. मग म्हणाला, "यातली सतरा नंबरची सुटली असती तर?"

"तर सर, तुम्हीच पहाटे तीनला आला असता."

तो हसला आणि "बघू या" म्हणाला. हाइक किती मिळते, ते कळेलच. पण यादी त्याने स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवली, ते मी बघितलं.