कोंडवाड्यात घातलेलं मेंढरू

सोलापुरात 'सेटलमेंट' हा नुसता पत्ता आहे. रिक्षावाल्याला पुढे काही सांगावं लागत नाही. एके काळी तिथे तारेचं कुंपण होतं आणि आत पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट ठेवलेले होते. 1871चा गुन्हेगार जमाती कायदा 1911मध्ये देशभर लागू करण्याची सोय झाली. त्याने अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. वसाहतीबाहेर जायचं तर पास, आत असाल तर हजेरी. आणि ही वसाहत काही काळ चालवली अमेरिकन मराठी मिशनने.

आम्हा ख्रिस्ती लोकांतले काही जण हे अभिमानाने सांगतात. हरवलेल्यांवर देवाचं प्रेम म्हणतात ते हेच. शाळा दिली, गिरणीत काम दिलं, माणसात आणलं. शाळेचं मोल मी नाकारत नाही. तिथे शिकलेल्यांच्या नातवंडांनी ते का नाकारावं? पण याला लूकच्या 15व्या अध्यायाचा आधार देऊ नये. त्यातला मेंढपाळ सापडलेलं मेंढरू खांद्यावर घालून घरी आणतो, कोंडवाड्यात टाकत नाही. त्याच अध्यायातला उधळ्या मुलगा वाटेत एक विनंती घोकत येतो, की मला निदान मोलकऱ्यांत ठेवा. बाप ती पुरी बोलूच देत नाही. अंगरखा, अंगठी, वहाणा मागवतो. म्हणजे जी मोलकऱ्याची जागा त्या बापाने पोराला मागूही दिली नाही, तीच सेटलमेंटने उद्धार म्हणून देऊ केली. शिवाय गिरण्यांना हजेरीत बांधलेले मजूर मिळाले, हा हिशेब वेगळाच.

यावर दुसरी बाजू टाळी वाजवते. बघा, म्हणजे ही शिकवणच मुळात साहेबाचं हत्यार! हेही मला पटत नाही. हत्यार साहेबाचं असतं तर ते साहेबावरच इतकं नेमकं चाललं नसतं. जन्मांध माणूस दिसताच शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. गुन्हेगार जमाती कायद्याची सगळी इमारत त्याच प्रश्नावर उभी होती, आणि मिशनरी साहेबांच्या टेबलावर योहानाचा 9वा अध्याय होताच की.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा: असं फुकट प्रेम वाटलं तर चोर सोकावतील. त्यांनी लूकमधलाच जक्कय बघावा. तो काही भुकेपोटी चोरी करणारा नव्हता. जकातदारांचा मुख्य, लोकांना नाडून गबर झालेला. येशू आधी त्याच्या घरी उतरायला निघाला. चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागितला नाही, जामीन घेतला नाही. निम्मी मिळकत गरिबांना आणि नाडलेल्यांना चौपट परत, हे जक्कय बोलला ते त्यानंतर. हा क्रम उलटा केला की सुवार्तेचं पोलीस ठाणं होतं.

मुंबई राज्यात तो कायदा 1949मध्ये गेला, देशभर 31 ऑगस्ट 1952ला. तरी कुठे घरफोडी झाली की संशय आधी पारध्यांच्या पालावर जातो, आणि पुढच्या रविवारी उपासनेला बसणारेही तो घेतात. तेव्हा मिशनच्या शाळांची नावं जरूर घ्या; त्याच दमात कुंपणाचंही घ्या, आणि ते कोणत्या वचनाच्या विरोधात उभं होतं तेही संडे स्कूलच्या पोरांना सांगा.