बाटलीवर खरे माप छापा

‘मी फक्त बिअर घेतो’ असे सांगणाऱ्याला आपल्याकडे पिणाऱ्यांत धरतच नाहीत. हिशेब मात्र वेगळा आहे. आठ टक्के मद्यार्काच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या स्मॉल पेगमध्ये १० ग्रॅम. म्हणजे एक बाटली संपवणारा चार पेग पिऊन उठतो. क्वार्टर रिचवणारा सहा.

एवढा मद्यार्क निचरायला यकृताला कित्येक तास लागतात. त्या प्रक्रियेत तयार होणारे ॲसिटाल्डिहाइड पेशींच्या डीएनएला इजा करते. यकृतात आधी चरबी साठते, मग सूज येते आणि पिणे चालूच राहिले तर सिरॉसिस होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारक ठरवले. तोंड, अन्ननलिका, यकृत, आतडे, स्तन. यादी मोठी आहे. त्यात तंबाखूची जोड असेल तर तोंडाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो आणि आपल्या राज्यात ही जोडी गावोगाव दिसते. मद्याची कोणतीच मात्रा निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले.

बाटलीवर २०१९ पासून इशारा आहे, पण तो ‘आरोग्यास हानिकारक’ आणि ‘पिऊन गाडी चालवू नका’ इतकाच. कर्करोगाचे नाव नाही, पेगचा हिशेब नाही. उत्पादन शुल्कातून तिजोरी भरणाऱ्या सरकारने हे दोन्ही ठळक मराठीत छापून घेतलेच पाहिजे. दारूबंदी गडचिरोलीत १९९३ पासून आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असो वा नसो, पिणाऱ्याला आपण किती पितो हे कळायला हवे.

कमी करायचे तर पेग अंदाजाने ओतू नये, मापाने घ्यावा. उपाशीपोटी पिऊ नये, आठवड्यातले निम्म्याहून अधिक दिवस कोरडे ठेवावेत. गरोदरपणात आणि गाडी चालवायची असेल तेव्हा थेंबही नको. मात्र वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडणे जिवावर बेतू शकते: हात थरथरतात, फिट येते, भ्रम होतो. अशा माणसाला घरच्यांनी माळ घालायला लावण्याआधी डॉक्टरांकडे न्यावे. पुण्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ पासून व्यसनमुक्तीचे काम करत आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी राखीव खाटा असाव्यात आणि त्यांचा खर्च दारूच्याच महसुलातून व्हावा.