प्रत्यारोपणानंतर औषध ठरवताना रस्ताही मोजा

भामरागड किंवा सिरोंचाचा रुग्ण नागपुरात मूत्रपिंड प्रत्यारोपण करून घरी परततो, तेव्हा त्याच्या पिशवीत बहुधा तीन औषधे असतात: टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि प्रेडनिसोलोन. शरीराने परके मूत्रपिंड नाकारू नये म्हणून ती प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. पण ती दबली, की शरीरात वर्षानुवर्षे निपचित पडलेले विषाणूही डोके वर काढतात. त्यांतले दोन महत्त्वाचे: सायटोमेगॅलो आणि बीके.

बीके अधिक फसवा. तो बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो आणि मूत्रमार्गात मुक्काम ठोकतो. १९७१ मध्ये लंडनच्या ज्या प्रत्यारोपित रुग्णात तो सापडला, त्याच्याच नावाची आद्याक्षरे विषाणूला चिकटली. बहुधा ना ताप येतो, ना काही दुखते. फक्त क्रिएटिनिन वाढते. पंचाईत अशी, की शरीर मूत्रपिंड नाकारू लागले तरी क्रिएटिनिनच वाढते. विषाणू असेल तर गोळ्या कमी करायच्या, नकार असेल तर वाढवायच्या. निदान चुकले तर उपचारच मूत्रपिंडाच्या मुळावर येतो. बीकेवर खात्रीचे विषाणूरोधक औषध अजून नाही. म्हणून तज्ज्ञांची २०२४ ची आंतरराष्ट्रीय शिफारस अशी, की पहिले ९ महिने दरमहा आणि पुढे दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत दर तीन महिन्यांनी रक्ताची पीसीआर चाचणी करावी. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरहून दूर. पर्लकोटा फुगली की तालुक्याचा संपर्कच तुटतो.

इथे औषधाची निवड महत्त्वाची ठरते. मायकोफिनोलेटऐवजी एव्हरोलिमस आणि सोबत टॅक्रोलिमसची कमी मात्रा, हा पर्याय दोन हजारांवर रुग्णांच्या 'ट्रान्सफॉर्म' अभ्यासात तपासला गेला. मूत्रपिंड वाचवण्यात तो कमी पडला नाही आणि दोन्ही विषाणूंचे संसर्ग कमी आढळले. (ज्या सिरोलिमसपासून हे औषध घडले, ते ईस्टर बेटाच्या मातीतून शोधणारे सुरेंद्रनाथ सेहगल भारतीय वंशाचे.) पण ते सर्वांना मानवत नाही. जखम उशिरा भरते, तोंड येते, कोलेस्टेरॉल वाढते, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. त्यामुळे अनेकांना ते सोडावे लागते. गोळी बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचाच, रुग्णाने परस्पर घ्यायचा नाही. मात्र तो घेताना 'तुम्ही राहता कुठे, पावसाळ्यात येता येईल का' हा प्रश्नही रक्तगटाइतकाच गांभीर्याने विचारला जावा.

राज्याने २०२३ मध्ये जनआरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये केली, हे चांगलेच झाले. पण शस्त्रक्रिया एका दिवसाची असते, औषधे आणि चाचण्या जन्मभराच्या. पीसीआर आणि टॅक्रोलिमसच्या पातळीसाठी रक्त गडचिरोली, चंद्रपूर आणि अहेरीतच घेऊन थंड पेटीतून नागपूरला पाठवता येते. रक्ताच्या दोन नळ्यांसाठी माणसाने रात्रभर एसटीत बसायची गरज नाही. शिवाय अशा प्रत्येक रुग्णाजवळ प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवण्यासाठी एक मराठी कार्ड हवे: ताप आला तर मलेरियाची तपासणी कराच, पण ती निगेटिव्ह आली म्हणून घरी पाठवू नका, आणि रिफॅम्पिसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन देण्याआधी या क्रमांकावर फोन करा, कारण पहिल्याने टॅक्रोलिमसची पातळी कोसळते आणि दुसऱ्याने ती चढते.